पुएर्तो वायार्ता: जहाजातून उतरल्यावरचा एक दिवस

लॉस एंजेलिस, लाँग बीच किंवा सॅन डिएगोहून सुटणाऱ्या आठवड्याभराच्या ‘मेक्सिकन रिव्हिएरा’ क्रूझमध्ये बहुतेक वेळा तीन बंदरं लागतात: काबो सान लुकास, मासात्लान आणि पुएर्तो वायार्ता. भारतातून आई-बाबा आले की त्यांना घेऊन ही सफर करणारी मराठी कुटुंबं आता जहाजावर हमखास भेटतात. जहाजावरचं सगळं जमून जातं. प्रश्न पडतो तो बंदरावर उतरल्यावर. हातात सात-आठ तास, भाषा स्पॅनिश, बरोबर सत्तरीतले आई-बाबा किंवा लहान मुलं, आणि डोक्यात ‘जहाज चुकलं तर?’ ही धाकधूक. मग माणसं एकतर जहाजाची महागडी सहल घेतात, नाहीतर बंदरासमोरच्या मॉलमध्ये हिंडून परततात.

पुएर्तो वायार्तात हे दोन्ही करायची गरज नाही. हे गाव स्वतःच्या पायांनी बघण्यासारखं आहे. फक्त सगळं बघायचा हट्ट धरू नका. समुद्रकाठची एकच वाट पकडा, उत्तरेच्या टोकाला उतरा आणि दक्षिणेकडे सावकाश चालत जा. देऊळ, बाजार, नदी, पुळण, जेवण सगळं त्या वाटेवरच येतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तीच वाट इथे क्रमाने सांगतो.

घरून निघण्याआधी: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, किंवा ग्रीन कार्ड असेल, तर मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. खरा प्रश्न मेक्सिकोत शिरण्याचा नसतो, अमेरिकेत परत येण्याचा असतो. आई-बाबांचा पर्यटक व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहा. ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्ड बरोबर ठेवावं, फोटो चालत नाही. ज्यांच्या एच-१बी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे आणि हातात फक्त मंजुरीपत्र आहे, त्यांनी ‘मित्राला चाललं’ एवढ्यावर निघू नये. क्रूझ कंपनीला आणि मेक्सिकोच्या वकिलातीला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. त्याच वेळी त्या भागातल्या परिस्थितीबद्दलच्या सरकारी सूचनाही वाचून घ्या, आणि जहाजावर त्याबद्दल काही घोषणा झाली तर ती पाळा.

बंदरावर उतरताना पासपोर्ट न्यायचा की खोलीतल्या तिजोरीत ठेवायचा? यावर जहाजावर दोन तट पडतात. जहाजाची सूचना असेल तर तीच पाळायची. सूचना नसेल तर माझं मत तिजोरीच्या बाजूने आहे. जहाजाचं कार्ड, एक फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आणि पासपोर्ट-व्हिसाच्या पानांचा फोनमध्ये फोटो, एवढं पुरतं. आपला दूतावास मेक्सिको सिटीत आहे. व्हिसाचा शिक्का असलेला पासपोर्ट गर्दीत हरवला तर तो परत मिळवण्याची दगदग जहाज चुकण्यापेक्षा कितीतरी मोठी. जहाज न चुकवणं आपल्या हातात आहे.

घड्याळ: हे नीट वाचा

पुएर्तो वायार्ता वर्षभर एकाच वेळेवर चालतं. तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्नियात हिवाळा असताना गावाची वेळ दोन तास पुढे असते आणि उन्हाळ्यात एक तास पुढे. जहाज कुठली वेळ पाळतंय, हा तिसराच मुद्दा. काही जहाजं वाटेत घड्याळं बदलतात, काही निघालेल्या बंदराचीच वेळ ठेवतात.

फोन किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. मनगटावरचं घड्याळ मात्र तुम्ही लावलेलंच राहतं. जहाजाने घड्याळं पुढे केलेली असतील आणि बाबांच्या घड्याळात अजून लाँग बीचची वेळ असेल, तर दुपारचे साडेतीन वाजले असता त्यांना दीडच वाजलाय असं वाटतं. जहाजं चुकतात ती अशीच.

आमच्या बाबतीत उलटं झालं. जहाज जुन्याच वेळेवर होतं आणि आम्ही फोनकडे बघत होतो. धावतपळत बंदरावर पोचलो तर फाटकावरच्या माणसाने हसून सांगितलं की अजून दोन तास आहेत. जहाज मिळालं, पण आईला नदीतलं बेट बघायचं होतं ते राहून गेलं, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे. तेव्हापासून एक नियम केलाय. उतरताना जिन्याजवळच्या फलकाचा फोटो काढायचा. त्यावर सगळ्यांनी किती वाजता परत यायचं ते लिहिलेलं असतं. मग एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावायचं आणि दिवसभर फक्त त्यालाच मानायचं. फलकावरची वेळ ही जहाज सुटण्याची नसते, त्याआधी दरवाजा बंद होण्याची असते. आपण तिच्याही आधी एक तास परत असायचं.

बरोबर काय घ्यायचं

टोपी, पाण्याची बाटली, सनस्क्रीन आणि चांगले तळ असलेले बूट. गावातले रस्ते गोट्यांचे आहेत, नदीतले गोल दगड बसवून केलेले. त्यावर सपाता घसरतात आणि गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात. समुद्रकाठची मुख्य वाट मात्र सपाट, फरसबंद आणि गाड्यांना बंद आहे. काठी घेऊन चालणाऱ्यांनाही ती झेपते आणि बसायला बाक आहेत. जून ते ऑक्टोबर पावसाळा असतो, दुपारनंतर धो धो कोसळतो, तेव्हा छत्री हवीच. नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि सुखाची. जहाजांची गर्दीही तेव्हाच.

पैशांचं असं की डॉलर सगळीकडे घेतात, पण भाव दुकानदार त्याच्या सोयीचा लावतो. थोडे पेसो हवेतच. बँकेच्या एटीएममधून काढा. यंत्र मध्येच विचारतं, ‘तुमच्या चलनात बदलून हिशेब करू का?’ तिथे नाही म्हणायचं आणि पेसोतच घ्यायचे, नाहीतर भावात मार बसतो. आणखी एक. मेक्सिकोत पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच लिहितात. पाटीवर त्या चिन्हापुढे १८० लिहिलेलं बघून दचकू नका, ते पेसो आहेत. मात्र फेरीवाला किंवा टॅक्सीवाला तोंडी आकडा सांगतो तेव्हा ‘पेसो की डॉलर?’ हे विचारल्याशिवाय मान डोलवू नका.

बंदरातून बाहेर

काबोला छोट्या होडीतून किनाऱ्यावर जावं लागतं, तसं इथे नाही. जहाज धक्क्यालाच लागतं. खाली उतरलं की वाट दुकानांच्या संकुलातून बाहेर पडते. इथेच पहिली गाठ पडते ती गोड बोलणाऱ्या मंडळींशी. फुकट टॅक्सी, फुकट टकीला, अर्ध्या किमतीत देवमाशांची सहल. या सगळ्याच्या मागे बहुतेक वेळा टाइमशेअरची, म्हणजे सुट्टीच्या घरातला वाटा गळ्यात मारण्याची, दोन-तीन तासांची बैठक असते. तुमच्याकडे आहेतच सात-आठ तास. थांबू नका, चिडूही नका. ‘नो, ग्रासियास’ म्हणायचं, हसायचं आणि चालत राहायचं. ती पोटासाठी उभी असलेली माणसं आहेत, नकार त्यांना रोजचा आहे.

फाटकाबाहेर मोठा हमरस्ता लागतो. पलीकडे वॉलमार्ट, सॅम्स क्लब आणि मॉल. परतीच्या वेळी ही मोठी खूण उपयोगी पडते. गावाचा जुना भाग इथून दक्षिणेला पाच-एक किलोमीटरवर आहे. जायचे तीन मार्ग.

फाटकाच्या आतली टॅक्सी सर्वांत महाग, पण दर फलकावर लिहिलेले असतात आणि घासाघीस लागत नाही. बाहेर रस्त्यावर आलात की टॅक्सी स्वस्त होते. उबरही चालते, पण ती रस्त्यावर येऊन बोलवावी लागते. आणि तिसरी बस. मी बसच घ्या म्हणेन. काचेवर पांढऱ्या रंगाने गावांची नावं लिहिलेली असतात. ‘सेंत्रो’ लिहिलेली बस आपली. ‘तूनेल’ लिहिलेली बस घेऊ नका, ती डोंगरातल्या बोगद्यातून गावाला वळसा घालून जाते. मेक्सिकोत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे गावाकडे जाणारी बस बंदराच्याच बाजूला थांबते, रस्ता ओलांडावा लागत नाही. सुटी नाणी जवळ ठेवा. भाडं टॅक्सीच्या मानाने नगण्य असतं आणि ते चढताना चालकालाच द्यायचं. उतरायचं असेल तेव्हा ‘बाहा, पोर फावोर’ म्हटलं की तो थांबवतो. कधी एखादा गिटारवाला मध्येच चढतो, दोन गाणी म्हणतो आणि टोपी फिरवतो. आमच्या आईने त्याला स्वतःच्या पर्समधून पैसे दिले, आपल्या लोकलची आठवण झाली म्हणून.

उतरायचं ते ओतेल रोसिता या जुन्या हॉटेलापाशी. १९४८ पासूनचं हे हॉटेल समुद्रकाठच्या वाटेच्या उत्तर टोकाला आहे. चालकाला ‘मालेकोन, ओतेल रोसिता’ एवढं सांगितलं की पुरे.

मालेकोन

मालेकोन म्हणजे समुद्राच्या कडेने बांधलेला फिरायचा रस्ता. मरीन ड्राइव्हचा कट्टा आठवा, पण गाड्या नाहीत आणि एका हाताला दुकानं, दुसऱ्या हाताला थेट पाणी. सकाळी दहाच्या आत इथे पोचलात तर उत्तम, कारण सावली फार नाही आणि अकरानंतर ऊन टोचायला लागतं.

चालायला लागण्याआधी एकदा मागे वळून गावाकडे बघा. समोर बांदेरास उपसागर, पाठीला सिएरा माद्रे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पांढऱ्या भिंती, लाल कौलं आणि वर चढत गेलेल्या गल्ल्या. कोकणातल्या माणसाला हे बघून परकं वाटत नाही. समुद्र पश्चिमेला, डोंगर पूर्वेला, सगळी मांडणी तीच. १८५१ साली वसलेलं हे आधी लास पेन्यास नावाचं छोटं गाव होतं. १९१८ मध्ये त्याला हालिस्को राज्याचे माजी राज्यपाल इग्नासियो वायार्ता यांचं नाव मिळालं. १९६३ मध्ये जवळच्या मिस्मालोया पुळणीवर एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण झालं. रिचर्ड बर्टन आणि त्यांच्याबरोबर आलेल्या एलिझाबेथ टेलर यांच्या मागोमाग जगभरचे पत्रकार इथे येऊन पडले, आणि कोळ्यांचं गाव पर्यटकांचं झालं.

वाटेवर ब्राँझची शिल्पं एकामागून एक लागतात. सगळ्यांपाशी थांबायची गरज नाही. तीन मात्र चुकवू नका. अलेहान्द्रो कोलुंगा यांच्या विचित्र खुर्च्या: कुणाला कान, कुणाला सोंड, कुणाला पाय. मुलांना त्यावर बसू द्या, त्या बसण्यासाठीच आहेत. सेर्हियो बुस्तामान्ते यांची शिडी: आकाशात कुठेही न टेकलेल्या उंच शिडीवर उशीच्या आकाराच्या डोक्याची दोन मुलं चढतायत आणि खाली आई हात वर करून उभी आहे. ती त्यांना परत बोलावते आहे की जा म्हणते आहे, हे माझ्या आईने मला विचारलं. अमेरिकेत मुलगा पाठवलेल्या बाईने विचारलेल्या त्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. आणि तिसरं राफाएल सामारिपा यांचं समुद्रघोड्यावर बसलेल्या मुलाचं शिल्प, १९७६ पासून हे गावाचं चिन्हच झालं आहे.

मध्यावर डावीकडे वळलं की चौक आणि त्यामागे ग्वादालूपे मातेचं, म्हणजे मेरीमातेचं, चर्च. विटांच्या मनोऱ्यावर मुकुट दिसेल. आधीचा मुकुट १९९५ च्या भूकंपात कोसळला, हा नंतर बसवलेला. आत प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहायचं, टोपी काढायची, फोन खिशात ठेवायचा. डिसेंबरच्या पहिल्या बारा दिवसांत आलात तर पाहायलाच नको. १२ डिसेंबर हा ग्वादालूपे मातेचा दिवस, त्याआधी रोज मिरवणुका वाजत-गाजत चर्चकडे येतात. नवरात्रातल्या देवीच्या दर्शनाची गर्दी पाहिलेल्यांना त्या रांगा ओळखीच्या वाटतील.

चर्चपासून समुद्राकडे परत आलं की कमानींचं छोटं रंगमंडप लागतं. त्याच्या आसपास पुळणीवर एक उंच खांब दिसेल. हा पापांत्लाच्या ‘वोलादोर’ लोकांचा. पाच जण वर चढतात. एक टोकावर उभा राहून एकाच वेळी बासरी आणि छोटा ढोल वाजवतो, आणि बाकीचे चौघे दोराला उलटे लटकून खांबाभोवती फिरत फिरत खाली येतात. परंपरेने प्रत्येकाचे तेरा फेरे, चौघांचे मिळून बावन्न, म्हणजे जुन्या मेक्सिकन कालगणनेतलं एक पूर्ण चक्र. मूळचा हा विधी तिकडे व्हेराक्रूसच्या बाजूचा, तोतोनाक लोकांचा. २००९ मध्ये युनेस्कोने तो वारशाच्या यादीत घेतला. आपल्याकडच्या बगाडाची आठवण येते. खेळ संपल्यावर त्यांच्यातला एक जण टोपी घेऊन फिरतो, तेव्हा मान वळवू नका. त्यांची कमाई तीच आहे.

तुबावाला

याला वेगळा मथळा दिला, कारण माझ्या मते मालेकोनवरची सर्वांत आपली गोष्ट हीच आहे.

कमानींच्या आसपास किंवा शिल्पांजवळ एखादा माणूस मोठा, कमरेत आवळलेला वाळका भोपळा घेऊन उभा दिसेल. त्या भोपळ्यातून तो दुधी रंगाचं पेय पेल्यात ओततो, वरून सफरचंदाचे बारीक तुकडे आणि शेंगदाणे टाकतो. हे तुबा. माडाचा रस. थंड, गोडसर, शेवटी किंचित आंबूस.

बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांनी पेला हातात घेतला, वास घेतला, एक घोट घेतला. काही बोलले नाहीत. दुसरा घोट घेतला आणि मला म्हणाले, “ह्याला विचार, माड कुठे आहेत ह्यांचे?” मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. त्याने हाताने दूर किनाऱ्याकडे दाखवलं. मग बाबांनी स्वतःच पुढे होऊन, दोन्ही पावलं एकावर एक ठेवून, माडावर चढायची आणि पोयीला काप द्यायची खूण करून दाखवली. तो तुबावाला खळखळून हसला आणि त्याने तीच खूण परत करून दाखवली. भाषेची गरजच उरली नाही.

ही नीरा इथे आली कशी? स्पेनची गलबतं १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये ये-जा करत होती. त्यांवरून आलेल्या फिलिपिनी खलाशांनी माड आणि माडाचा रस काढायची कला या किनाऱ्यावर रुजवली. ‘तुबा’ हा शब्दही फिलिपिन्सचाच. उलट दिशेने मेक्सिकोतून जे निघालं ते आपल्या घरात आहे: मिरची, टोमॅटो, मका, चिकू, झेंडू. चिकूला इथे चिकोसापोते म्हणतात. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू इथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवशी पितरांच्या वाटेवर पसरतात.

ताजी तुबा चढत नाही. ती उन्हात आंबत जाते, म्हणून सकाळीच प्यावी. पोट नाजूक असेल तर बर्फ नको म्हणून सांगा: ‘सिन येलो’.

नदी ओलांडून

मालेकोन पुढे कुआले नदीच्या मुखापाशी येतो. पूल ओलांडण्याआधी डावीकडे दोन मजली बाजार आहे. खाली वस्तू, वर साध्या खानावळी. नदीच्या मधोमध लांबट बेट आहे, झाडांनी गच्च. तिथे झुलते पूल आहेत आणि वर नीट बघितलं तर फांदीवर हिरवट इग्वाना पसरलेला दिसतो. दुपारच्या उन्हात थांबायला यासारखी जागा नाही. आईला नंतरच्या सफरीत इथे आणलं. तासभर ती एका बाकावर बसून फक्त इग्वाना बघत होती.

पलीकडचा भाग सोना रोमान्तिका. लासारो कार्देनास नावाच्या बागेतले बाक आणि खांब रंगीत फरशीच्या तुकड्यांनी मढवलेले आहेत, फोटो तिथे घ्या. तिथून दोन-तीन गल्ल्यांवर लॉस मुएर्तोस पुळण आणि २०१३ मध्ये उघडलेला, शिडाच्या आकाराचा धक्का. पुळण सगळ्यांसाठी खुली आहे, पण खुर्च्या आणि छत्र्या हॉटेलांच्या. बसण्याआधी किमान किती खर्च करावा लागेल ते विचारा. पाण्यात उतरण्याआधी बावट्याचा रंग बघा. लाल असेल तर पाय भिजवण्यावर भागवा.

पायांत जोर असेल तर सेरो दे ला क्रूस या टेकडीवरून सगळा उपसागर दिसतो, पण चढ खडा आहे, पायऱ्या पुष्कळ आहेत. ज्येष्ठांना नेऊ नका. तरुणांनी सकाळी सगळ्यात आधी उरकावी.

खाणं: शाकाहारी आणि मासेखाऊ, दोघांसाठी

मेक्सिकोत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण न विचारता खाल्लं तर फसतो. राजमा दिसला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका, तो बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. तिला ‘मान्तेका’ म्हणतात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. गव्हाच्या पोळीतही मान्तेका असू शकते. मक्याची तोर्तिया, म्हणजे तिथली पातळ भाकरी, मात्र साधारणपणे नुसता मका, चुना आणि पाणी.

म्हणून हे वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा आणि वेटरला दाखवा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका’. मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, चरबी नको. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणालात तर कोंबडी येऊ शकते, कारण कार्ने म्हणजे लाल मांस अशीच तिथे समजूत आहे. अंडं म्हणजे ‘उएवो’. गोमांस न खाणाऱ्यांनी ‘रेस’ हा शब्द पाठ करावा. ‘कार्ने आसादा’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर ते गोमांसच समजा. बिर्रिया ही या राज्याची प्रसिद्ध रस्सेदार डिश, मूळची बकऱ्याची, पण आता पुष्कळ ठिकाणी गोमांसाची करतात.

मागवायचं काय? ‘राहास कोन केसो’, म्हणजे भाजून सोललेल्या मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. ‘नोपालेस’, निवडुंगाची पानं, काटे काढून भाजलेली, थोडी भेंडीसारखी बुळबुळीत आणि आंबट. ‘फ्लोर दे कालाबासा’, भोपळ्याची फुलं, केसादियात, म्हणजे चीज भरून दुमडलेल्या तोर्तियात घालतात. आईने ती खाऊन लगेच विचारलं की ह्यात बेसन का नाही. गाडीवर ‘एस्कीतेस’ मिळतात, पेल्यात मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, चीज. त्यात मेयोनेज घालतात आणि मेयोनेजमध्ये अंडं असतं, नको असेल तर ‘सिन मायोनेसा’. कापलेला आंबा, काकडी, हिकामा नावाचा गोडसर कंद यांवर मीठ-तिखट-लिंबू मारून देतात. आपल्या शाळेबाहेरच्या गाडीची चव.

पेयांत ‘आग्वा दे हामाइका’ मागवा. लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत आहे ते. ‘तामारिंदो’ म्हणजे चिंच. ‘ओर्चाता’ तांदूळ आणि दालचिनीचं, पांढरं, गोड. तिन्ही जेवणाबरोबर मोठ्या पेल्यात येतात. पिण्याचं पाणी बाटलीबंदच घ्या. हॉटेलांत बर्फ शुद्ध केलेल्या पाण्याचा असतो, रस्त्यावर विचारून घ्या.

मासेखाऊंनी दुपारचं जेवण ‘पेस्कादो सारांदेआदो’ साठी राखून ठेवावं. अख्खा मासा पोटातून उघडून, मिरचीचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजलेला. कातडीला धुराचा वास, आत मऊ, आणि बरोबर गरम तोर्तिया. चौघांत एक पुरतो. वजनावर विकतात, म्हणून मासा आधी बघा आणि किलोचा भाव विचारा, मग होकार द्या. पुळणीवर काडीला लावून भाजलेली कोळंबी विकणारे फिरतात, ती लिंबू पिळून उभ्याउभ्या खायची. ‘आग्वाचिले’ मात्र लिंबू-मिरचीत मुरवलेली कच्ची कोळंबी आहे. चव अफाट, पण पोटाचा भरवसा नसेल तर जहाजाच्या प्रवासात धाडस नको. बक्षिशी दहा ते पंधरा टक्के. बिल मागायला ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’. तुम्ही मागितल्याशिवाय ते आणत नाहीत, उठवून लावल्यासारखं होईल म्हणून.

काय आणावं

एकच वस्तू घ्यायची असेल तर विशारिका लोकांचं मण्यांचं काम घ्या. यांना उइचोल असंही म्हणतात, हालिस्को आणि नायारीतच्या डोंगरांत राहतात. लाकडावर किंवा भोपळ्याच्या कवचीवर मेणाचा थर देतात आणि सुईच्या टोकाने एकेक मणी त्यात दाबून हरीण, मका, सूर्य असे आकार भरतात. विकत घेण्याआधी कारागीर काम करत असेल तर पाच मिनिटं बघत उभे राहा. तळहाताएवढ्या वाटीला किती वेळ लागतो ते कळलं की घासाघीस करावीशी वाटत नाही. मेणाचं काम असल्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मणी सरकतात.

टकीला घेणार असाल तर बाटलीवर ‘शंभर टक्के आगावे’ (ज्या झाडापासून ती करतात त्याचं नाव) लिहिलेलं बघा. जहाजावर चढताना ती काढून घेतात आणि प्रवासाच्या शेवटी परत देतात. चांदीवर ९२५ चा शिक्का हवा. फळं आणि बिया घेऊ नका, अमेरिकेत उतरताना काढून घेतल्या जातील.

परत

निघायचं ठरवलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच स्वच्छतागृह उरका, ‘बान्यो’ म्हणून विचारायचं, बऱ्याच ठिकाणी थोडी नाणी पडतात. सोना रोमान्तिकातून उत्तरेकडे जाणाऱ्या बस इन्सुर्हेंतेस रस्त्यावर मिळतात. काचेवर ‘वॉलमार्ट’, ‘सॅम्स’ किंवा ‘मारिना’ लिहिलेलं हवं. दुपारी रस्त्यावर गाड्या तुंबतात, येताना वीस मिनिटं लागली म्हणून जाताना तेवढीच लागतील असं धरू नका. उशीर होतोय असं वाटलं तर बसची वाट न पाहता टॅक्सी करा, दर आधी ठरवून. अडचण आली तर आणीबाणीचा क्रमांक अमेरिकेसारखाच ९११. जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातल्या प्रतिनिधीचा फोन असतो, त्याचाही फोटो सकाळीच काढून ठेवा.

बस वॉलमार्टच्या बाजूला सोडते, बंदर रस्त्यापलीकडे असतं. सिग्नलवरूनच ओलांडा. फाटकावर जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्र दाखवायचं, सामान यंत्रातून जातं.

खोलीत जाऊन आडवं व्हायचा मोह होतो, पण जहाज सुटताना वरच्या डेकवर जा. आधी गावाकडची बाजू धरा: चर्चचा मुकुट आणि मालेकोनची रेघ लांबून ओळखू येते, सकाळपासून आपण कुठून कुठे चाललो ते बोटाने दाखवता येतं. मग उपसागराच्या मध्यावर आलात की समुद्राकडे वळा. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत हंपबॅक देवमासे पिलांना जन्म द्यायला या कोमट पाण्यात येतात. आधी पाण्यावर वाफेसारखा फवारा दिसतो, मग काळी पाठ. बाबांना फवारा पहिल्यांदा दिसला. आई म्हणाली, कुठे? आणि ते कठड्यावरून हात लांब करून तिला दाखवत राहिले.